जुनी चासी, नवी बॉडी

माझे वडील एस.टी.त नोकरीला होते. असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "ड्रायव्हर की कंडक्टर?" बाबा दोन्हीपैकी कोणीच नव्हते. ते पुण्याजवळ दापोडीला, एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. लाखो किलोमीटर धावून थकलेली गाडी तिथे यायची. तिचा पत्रा, खिडक्या, बाकडी सगळं उतरवलं की खाली उरायचा तो नुसता सांगाडा, म्हणजे चासी. ती तपासायची, तडा दिसला तर वेल्डिंग करायचं आणि तिच्यावर नवी बॉडी चढवायची. आपण ज्या लाल डब्यांतून मामाच्या गावाला गेलो, त्यांतले कित्येक डबे असे पुनर्जन्म घेतलेले होते. बाबा म्हणायचे, "प्रवाशाला रंग दिसतो, आम्हाला चासी दिसते."

२००५ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा कॅनडाला आले. व्हँकूव्हरला माझं मास्टर्स नुकतंच पूर्ण झालं होतं आणि पदवीदान समारंभाचं निमित्त होतं. स्टॅनली पार्क झालं, कॅपिलानोचा झुलता पूल झाला, गुरुद्वाऱ्यात लंगर झाला. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडचं दाखवण्याजोगं सगळं संपलं. शेवटी एका मित्राने सुचवलं म्हणून मी त्यांना विद्यापीठाच्या आवारातल्या 'ट्रायम्फ' या प्रयोगशाळेच्या मोफत सहलीला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर वेळ घालवणे एवढाच हेतू होता.

ट्रायम्फ ही कॅनडाची कणभौतिकीची राष्ट्रीय प्रयोगशाळा. १९६८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या तीन विद्यापीठांनी मिळून ती सुरू केली, तीन म्हणून नावात 'ट्राय'. तिथला सायक्लोट्रॉन, म्हणजे प्रोटॉनना गोल गोल फिरवत वेग देणारं यंत्र, १९७४ च्या डिसेंबरात चालू झाला. त्याचा चुंबक सुमारे १८ मीटर व्यासाचा आणि ४००० टनांचा. या जातीच्या यंत्रांत तो जगातला सर्वांत मोठा आहे.

आम्ही वरच्या कठड्यावरून खाली बघत होतो. खाली काँक्रीटच्या ठोकळ्यांचा डोंगर आणि त्यात ठिकठिकाणी प्रयोग मांडलेले. सहल घडवणारा विद्यार्थी सांगत होता, की त्यांतल्या 'ट्विस्ट' नावाच्या प्रयोगाचा मुख्य चुंबक मुळात हॉस्पिटलातल्या एमआरआय यंत्रासाठी बनलेला आहे. तोच दुरुस्त करून, त्याच्याभोवती नवी लोखंडी चौकट उभारून, आत नवी उपकरणं बसवून हा प्रयोग चालू आहे. मी बाबांना भाषांतर करून सांगितलं. तोवर जांभया आवरत उभे असलेले बाबा एकदम कठड्यावर वाकले. "म्हणजे चासी जुनी, बॉडी नवी! मग हे आमचंच काम की रे."

'ट्विस्ट' हे नाव ऐकून मीही दचकलो होतो. विद्यापीठांच्या सामाईक संगणक-समूहावर माझ्या प्रबंधाची गणितं रांगेत लावली, की यादीत पुढे हे नाव कायम दिसायचं. मला ते कुणा विद्यार्थ्याचं टोपणनाव वाटायचं. दोन वर्षं आपण कुणामागे रांगेत उभे आहोत हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून या जुन्या चुंबकांच्या गोष्टी जमवायचा छंद मला जडला. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. पोटापाण्यासाठी कंपन्यांच्या जुन्या संगणकप्रणाली बदलून देतो. पण या छंदाचा माझ्या कामाशी जवळचा संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

चुंबक कशाला हवा?

विजेचा भार असलेला कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. जोरात जाणारा कण कमी वळतो, सावकाश जाणारा जास्त. त्याच्या वाटेचा बाक मोजला की त्याचा संवेग कळतो. मोठा चुंबक, त्याच्या पोटात कणांच्या खुणा टिपणाऱ्या तारा किंवा चकत्या, आणि त्या खुणा वाचणारा संगणक, असं सगळं मिळून होतो स्पेक्ट्रोमीटर. यातल्या तारा, चकत्या आणि संगणक पाच-दहा वर्षांत जुने होतात. चुंबकाचं काम मात्र एकच: दिलेल्या जागेत दिलेलं क्षेत्र स्थिर ठेवणं. ते काम पन्नास वर्षांनीही बदलत नाही.

मोठ्या जागेत जोरदार क्षेत्र हवं असेल तर तांब्याच्या वेटोळ्यातून प्रचंड वीज सोडावी लागते, आणि तिची उष्णता होऊन जाते. त्यावरचा उपाय म्हणजे अतिसंवाहक वेटोळं. नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केली, की तिचा विजेला होणारा विरोध पार नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह मग फिरतच राहतो. चांगल्या एमआरआय चुंबकात तो वर्षानुवर्षं फिरतो, बाहेरून वीज न देता.

हे वाचायला सोपं आहे, करायला फार जिकिरीचं. वेटोळ्याचा एखादा बिंदू जरी जरासा गरम झाला, तरी तिथला विरोध जागा होतो, उष्णता पसरते आणि क्षणार्धात सगळी साठलेली ऊर्जा हेलियमला उकळवते. एका लिटर द्रवाचा सातशेहून अधिक लिटर वायू होतो. याला 'क्वेंच' म्हणतात. म्हणून असा चुंबक बनवणं महाग, आणि चांगला चाललेला चुंबक फेकून देणं जिवावर येतं.

हेलियम, विजयदुर्ग आणि टोरांटो

इथे एक छोटं वळण घेतो. माझी आजी देवगड तालुक्यातली, त्यामुळे हेलियम म्हटलं की मला विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' अनेकांनी पाहिले असतील. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, आणि १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला असं अभिमानाने सांगितलं जातं. मीही लहानपणी शाळेत हेच सांगून टाळ्या मिळवल्या होत्या. पण इतिहास थोडा वेगळा आहे. १८६८ च्या त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते, आणि त्यांनी तिथूनच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव आलं. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर पृथ्वीवरही हेलियम सापडला होता. म्हणजे ओटे खरे, साहेबही खरा; फक्त साल चुकलं. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

हेलियमचा पुढचा धागा थेट आपल्या टोरांटोला येतो. १९०८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओन्नेस यांनी पहिल्यांदा हेलियमचा द्रव केला, आणि १९११ मध्ये त्याच थंडीत पाऱ्याचा विद्युत्-विरोध नाहीसा होताना पाहिला. हाच अतिसंवाहकतेचा शोध. पुढे पंधरा वर्षं द्रव हेलियम जगात फक्त लायडनला मिळत होता. दुसरी जागा ठरली टोरांटो विद्यापीठ. पहिल्या महायुद्धात हवाई फुग्यांसाठी हेलियम हवा म्हणून प्राध्यापक जॉन मॅक्लेनन यांनी कॅनडातल्या नैसर्गिक वायूतून तो वेगळा करण्याचं काम हाती घेतलं होतं. युद्ध संपलं, हेलियम हाताशी राहिला. ओन्नेस यांनी आपल्या यंत्राचे आराखडे मॅक्लेनन यांना मोकळ्या मनाने दिले, आणि १९२३ च्या जानेवारीत टोरांटोत द्रव हेलियम तयार झाला. आराखडा हातचा राखून न ठेवता पुढच्याला देणं, ही या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी बाब.

ट्विस्ट: हॉस्पिटलचा चुंबक, म्युऑनची परीक्षा

आता पुन्हा व्हँकूव्हर. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा दोनशे पट जड भाऊ. तो सरासरी दोन मायक्रोसेकंद जगतो आणि मोडतो. धन म्युऑन मोडताना पॉझिट्रॉन बाहेर पडतो. तो किती ऊर्जेने आणि कोणत्या दिशेला जातो, याचं अचूक भाकीत सिद्धांत करतो. लुई मिशेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५० मध्ये हे सगळं मोजक्या आकड्यांत बसवलं. त्यांतल्या दोन आकड्यांची किंमत सिद्धांतानुसार बरोबर पाऊण यायला हवी. जरा कमी-जास्त आली, तर निसर्गात आपल्याला माहीत नसलेलं काही तरी दडलेलं आहे.

अशा मोजणीसाठी जोरापेक्षा क्षेत्राचा सारखेपणा महत्त्वाचा. एमआरआय चुंबकाची ख्याती नेमकी तीच. रुग्णाच्या शरीराचं चित्र स्वच्छ यावं म्हणून त्याच्या बोगद्यातलं क्षेत्र अत्यंत एकसारखं ठेवलेलं असतं, आणि बोगदा माणूस मावेल एवढा, म्हणजे सुमारे एक मीटर व्यासाचा. त्यात माणसाऐवजी मोजणीच्या चौकटी सरकवल्या की झालं. ट्विस्टचा चुंबक २ टेस्लाचा होता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे चाळीस हजार पट. भोवती पोलादी चौकट, आत पातळ तारांच्या डझनावारी जाळ्या आणि मधोमध धातूचा एक पातळ पत्रा. म्युऑन त्या पत्र्यात येऊन थांबायचे, आणि त्यांतून सुटलेले पॉझिट्रॉन मळसूत्रासारखे फिरत जाळ्यांतून जायचे. प्रयोगाआधी आतल्या क्षेत्राचा नकाशा बिंदू-बिंदू मोजून काढला होता. जुन्या यंत्रावर जुन्या कागदांच्या भरवशाने न बसता ते पुन्हा मोजायचं, हा इथला पहिला नियम.

मोजणी २००७ पर्यंत चालली आणि अंतिम निकाल २०११ मध्ये आले. एक आकडा ०.७४९७७ आणि दुसरा ०.७५०४९. पाऊणपासूनचा फरक हजारात एक भागाहूनही कमी, आणि तोही मोजणीच्या अनिश्चिततेत बसणारा. आधीच्या मोजणीपेक्षा अचूकता साधारण दहा पटींनी वाढली होती. नवं काही सापडलं नाही, सिद्धांत पास झाला. वर्तमानपत्रांत मथळे झळकले नाहीत. पण पुढच्या कोणत्याही नव्या सिद्धांताला आता या आकड्यांच्या चाळणीतून जावं लागतं.

एमआरआयचे चुंबक असे वापरणारे कॅनडाचे लोक एकटे नाहीत. हॉस्पिटलं आणि संशोधन संस्था यंत्रं बदलतात तेव्हा चांगले चालणारे चुंबक मोकळे होतात. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत २००८ पासून 'हेलिऑस' नावाचा स्पेक्ट्रोमीटर जर्मनीतल्या ट्युबिंगेनहून आलेल्या एमआरआय चुंबकात उभा राहिला. जिनिव्हाच्या सर्नमध्ये त्याच धर्तीचा स्पेक्ट्रोमीटर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून आणलेल्या ४ टेस्लाच्या एमआरआय चुंबकात बसवला. कधी काळी ज्या बोगद्यात माणसं डोळे मिटून "आता किती वेळ?" असं पुटपुटत पडली असतील, त्या बोगद्यात आता किरणोत्सारी अणुकेंद्रं येऊन आदळतात.

रेजायनाची माणसं, तीन जन्मांचा चुंबक

सस्कॅचेवानमधल्या रेजायनाला आपली मोजकीच मराठी घरं आहेत. थंडी कशी असते हे त्यांनाच विचारावं. तिथल्या विद्यापीठाने अशा एका चुंबकासाठी मोठं काम केलं आहे, ज्याचा हा तिसरा जन्म आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत 'लास' नावाच्या स्पेक्ट्रोमीटरसाठी एक मोठा अतिसंवाहक चुंबक बनला. चार वेटोळी, आत जवळजवळ १.८५ मीटर व्यासाची पोकळी. 'स्ट्रेंज' क्वार्क असलेल्या कणांचा अभ्यास हे त्याचं पहिलं आयुष्य. मग तो न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला गेला. तिथे 'मेगा' नावाच्या प्रयोगात म्युऑनच्या एका अतिदुर्मिळ मोडण्याचा शोध घेतला गेला. हे दुसरं आयुष्य. २००० साली तो इंडियाना विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉन केंद्रात तपासणी आणि डागडुजीसाठी आला, आणि तिथून व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेत. तिथे 'ग्लूएक्स' या प्रयोगाच्या पोटात २०१४ पासून त्याचं तिसरं आयुष्य सुरू झालं. क्वार्कना एकत्र बांधून ठेवणारे ग्लुऑन स्वतःही कणाच्या घडणीत उघडपणे भाग घेतात का, हा या प्रयोगाचा प्रश्न.

या जुन्या चासीवरच्या नव्या बॉडीचा मोठा भाग रेजायनात बनला. चुंबकाच्या पोकळीत आतून गोल बसणारा, फोटॉनची ऊर्जा मोजणारा हा भाग ४८ तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा ३.९ मीटर लांब. शिशाचा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा, त्याच्या पन्हळींत एक मिलिमीटर जाडीचे चमकणारे प्लॅस्टिकचे तंतू, वर पुन्हा पत्रा, पुन्हा तंतू, असे १८५ थर. एकूण तंतू सुमारे ६ लाख ८५ हजार. एकापुढे एक ठेवले तर रेजायनाहून टोरांटोला पोचून वर काही उरतील. हे थर माणसांनी हातांनी चिकटवत बनवले आणि तयार झालेले तुकडे ट्रकमधून व्हर्जिनियाला गेले. दिवाळीच्या फराळात चिरोट्याचे सात-आठ पदर लावताना आपली दमछाक होते, त्यावरून कल्पना करा.

या चुंबकाबद्दलची एक गोष्ट बाबांना फार पटली. तो १५०० अँपिअर प्रवाहासाठी आखलेला, पण ग्लूएक्समध्ये तो सुमारे १३५० अँपिअरवर चालवतात. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. जुन्या चासीची गाडी घाटात दामटायची नसते. जरा सबुरीने घेतली की ती नव्या गाडीपेक्षा जास्त वर्षं साथ देते."

वरातीतले चुंबक

जुना चुंबक वापरायचा तर तो जिथे आहे तिथून उचलावा लागतो, आणि इथेच खरी धाकधूक असते.

सर्नच्या 'यूए-वन' प्रयोगाचा चुंबक घ्या. हा साध्या वेटोळ्यांचा, अतिसंवाहक नव्हे; पण पुनर्वापराच्या गोष्टीत त्याचा मान मोठा. १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले ते यूए-वन आणि तिच्या शेजारच्या प्रयोगात. दुसऱ्या वर्षी कार्लो रुबिया आणि सायमन व्हॅन डर मीर यांना नोबेल मिळालं. नंतर तोच चुंबक सर्नमध्येच 'नोमॅड' या न्यूट्रिनोच्या प्रयोगाने वापरला. २००८ मध्ये तो सुटा होऊन समुद्रमार्गे जपानला गेला. 'टी-टू-के' या न्यूट्रिनो प्रयोगाच्या जवळच्या शोधक केंद्रासाठी हे ८५० टनांचं धूड उपयोगी पडलं. त्याच्या पोटातले महत्त्वाचे शोधक व्हँकूव्हरला ट्रायम्फमध्ये तयार होऊन गेले. २०११ च्या मार्चमध्ये जपानला महाभूकंप झाला. तेव्हा तिथे राबणाऱ्या कॅनडाच्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांचे जीव टांगणीला लागले असतील. चुंबक आणि आतली उपकरणं त्या हादऱ्यातून वाचली.

स्लॅकच्या 'बाबार' प्रयोगात मॅगिल, माँट्रिऑल, ब्रिटिश कोलंबिया आणि व्हिक्टोरिया या चार विद्यापीठांचे लोक होते. त्याच्या मुख्य मार्गमापकाच्या हजारो बारीक तारा ट्रायम्फमध्ये ओवल्या होत्या. प्रयोग २००८ मध्ये संपला. त्याचा इटलीत बनलेला दीड टेस्लाचा अतिसंवाहक चुंबक २०१५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ट्रकवर चढून कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनला गेला. अख्खा देश ओलांडून, तोही ऐन हिवाळ्यात. तिथे २०२३ मध्ये चालू झालेल्या 'एस-फिनिक्स' या प्रयोगात त्याने काम केलं.

सर्वांत गाजलेली वरात मात्र उलट्या दिशेची. २०१३ च्या जुलैत आपल्यापैकी अनेक जण बीएमएमच्या अधिवेशनाला प्रॉव्हिडन्सला गेले होते. त्याच सुमारास १५ मीटर व्यासाचं एक अतिसंवाहक कडं तराफ्यावरून प्रवास करत होतं. ब्रुकहेवनच्या जुन्या म्युऑन प्रयोगातलं हे कडं शिकागोजवळच्या फर्मिलॅबला हवं होतं. ते तोडता येत नव्हतं, आणि काही मिलिमीटरपेक्षा जास्त पिळलं तर कायमचं निकामी झालं असतं. रस्त्याने अख्खा प्रवास शक्य नव्हता. म्हणून अटलांटिकच्या किनाऱ्याने खाली, फ्लोरिडाला वळसा, मग नद्या-कालव्यांतून वर इलिनॉयपर्यंत, आणि शेवटचा टप्पा रात्री रस्ते बंद करून. सुमारे पाच हजार किलोमीटर, जवळजवळ पाच आठवडे. २६ जुलैला ते पोचलं तेव्हा बघायला हजारो लोक जमले होते. नवं कडं बनवण्याच्या सुमारे दहाव्या भागात हे काम झालं असं फर्मिलॅबने सांगितलं. पण कडं खरंच शाबूत आहे हे ते थंड करून पुन्हा प्रवाह सोडला तेव्हाच, २०१५ मध्ये, कळलं. म्हणजे दोन वर्षं छातीत धडधड! त्याच कड्यातून २०२५ च्या जूनमध्ये म्युऑनच्या चुंबकत्वाची आजवरची सर्वांत अचूक किंमत जाहीर झाली.

मुंबई आणि कॅनडा, एकाच चुंबकाच्या पोटात

जपानमधल्या त्सुकुबाला 'बेल' नावाचा प्रयोग १९९९ ते २०१० चालला. त्याच्या आणि बाबारच्या मोजणीने कोबायाशी आणि मास्कावा यांचा सिद्धांत खरा ठरला, आणि २००८ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे 'बेल-टू' उभा करताना आतलं बहुतेक सगळं बदललं. दीड टेस्लाचा अतिसंवाहक चुंबक मात्र तोच ठेवला. २०१८ मध्ये त्यात पहिल्या टकरी झाल्या. या बेल-टूमध्ये कॅनडातली विद्यापीठं आहेत, आणि आपल्या कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनच्या पट्ट्यांचे जे थर आहेत, त्यांतल्या चौथ्या थराची जबाबदारी या संस्थेने उचलली. कुलाब्याच्या माणसांनी घडवलेल्या पट्ट्या आणि व्हिक्टोरिया-माँट्रिऑलच्या माणसांचं काम एका जपानी चुंबकाच्या पोटात शेजारी नांदतं, हे वाचलं तेव्हा मला आमच्या मंडळाचा गणपती आठवला. मूर्ती पेणची, मखर इथल्या होम डेपोचं.

कॅनडाला ही काटकसर नवी नाही. सडबरीच्या खाणीत न्यूट्रिनोंचा जो प्रयोग झाला, ज्यासाठी आर्ट मॅकडॉनल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं, त्यातलं हजार टन जड पाणी उसनं आणलेलं होतं, आणि ते परत केलं. त्या प्रयोगाचे उरलेले न्यूट्रॉन-मापक आणि डीप रिव्हरच्या बंद झालेल्या वैश्विक किरण केंद्रातलं ७९ टन शिसं, यांतून 'हेलो' हा शोधक तिथेच उभा राहिला. एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला तर त्याचे न्यूट्रिनो टिपायला तो टपून बसलेला असतो.

मोडीत काढताना

आता माझी कबुली.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे मी सल्लागार होतो. त्यांची साठ्याची आणि बिलांची प्रणाली पंचवीस वर्षं जुनी, आज कोणी शिकत नाही अशा भाषेत लिहिलेली. ती सांभाळायला एक बाई होत्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या. मी तीन आठवडे पाहणी केली आणि अहवाल दिला: सगळं मोडीत काढा, नवं आणा. त्या बाईंनी बैठकीत दोनदा विचारलं, "आतली किमतीची गणितं कुणी वाचली आहेत का?" मी हसून म्हटलं, नवी प्रणाली सगळं सांभाळेल. बाईंना लवकर निवृत्ती दिली गेली. नवी प्रणाली चौदा महिने उशिरा लागली, कारण त्या जुन्या गणितांत कित्येक गिऱ्हाइकांशी तोंडी झालेले करार पुरलेले होते, आणि ते फक्त त्या बाईंना माहीत होते. शेवटी त्यांनाच तासावर बोलावलं. त्या आल्या, मला कॉफी आणून दिली आणि काही न बोलता कामाला लागल्या. ती कॉफी मला अजून कडू लागते.

ती चासी चांगली होती. बदलायची होती ती बॉडी. मी रंग बघितला आणि निकाल दिला.

सगळंच जुनं ठेवण्यासारखं असतं असं मी म्हणत नाही. तडा गेलेली चासी बाबा स्वतः भंगारात पाठवत. चुंबकाचंही तसंच: आकार प्रयोगाला जुळत नसेल, हेलियम गळत असेल किंवा नेण्याचा खर्चच नव्या चुंबकाएवढा होत असेल, तर मोह सोडावा. पण निकाल देण्याआधी उघडून बघावं, मोजावं, आणि ज्याने ती वस्तू चालवली त्याला विचारावं. हे चुंबक जगले ते नुसत्या तारेच्या जोरावर नव्हेत. कुणी तरी आराखडे जपले, क्षेत्र पुन्हा मोजलं, आणि कुठला सांधा नाजूक आहे हे पुढच्याला सांगितलं.

गेल्या वर्षी पुण्यात बाबांचा एमआरआय झाला. ते आता ऐंशी ओलांडून पुढे आहेत आणि नावं विसरायला लागले आहेत. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "केवढा आवाज! पण चुंबक चांगला आहे, अजून पुष्कळ वर्षं चालेल." तंत्रज्ञ मुलगी हसली म्हणे.

त्या रविवारी फोनवर त्यांनी मला विचारलं, "तो व्हँकूव्हरचा चुंबक, त्याचं पुढे काय झालं?" वीस वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांना आठवत होती. मी सांगितलं, ट्विस्ट संपल्यावर तो मिशिगन राज्य विद्यापीठाला गेला. तिथे दुर्मिळ अणुकेंद्रांच्या अभ्यासासाठी वायूने भरलेला एक शोधक त्याच्या पोटात बसवला. म्हणजे हॉस्पिटलच्या कामासाठी जन्म, कॅनडात दुसरी नोकरी, अमेरिकेत तिसरी.

"तुमच्यासारखंच की," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि माझी वही?"

दापोडीत असताना बाबा एक वही ठेवत. कोणत्या बनावटीच्या चासीला कुठे तडा जातो, कुठला बोल्ट दिसायला घट्ट असतो पण नसतो, अशा नोंदी. ती वही मी २००५ मध्येच "बघतो" म्हणून मागून घेतली होती. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय आणि निम्म्या खुणा त्यांच्याशिवाय कुणाला लागणार नाहीत. गेल्या काही महिन्यांपासून दर रविवारी सकाळी, तिथे संध्याकाळ असते तेव्हा, मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरतो, ते सांगतात आणि मी लिहून घेतो. काही पानांवर ते बराच वेळ गप्प बसतात. काही पानांवर एकदम खुलतात.

बावीस पानं झाली आहेत. चौऱ्याहत्तर उरली आहेत.